चार पराभवांत हुकलेलं आणि अकरा पराभवांत मिळालेलं विजेतेपद

दर वर्षी मे महिन्यात युरोपातल्या फुटबॉल लीग शेवटच्या टप्प्यात पोचल्या की एक जुनी चित्रफीत पुन्हा फिरू लागते. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घातलेला एक बचावपटू पेनल्टी मारायला धावतो. चेंडूत जोर नसतो, गोलरक्षक योग्य बाजूला झेपावतो आणि तो अडवतो. सोबत बहुतेक वेळा एकच वाक्य असतं: या माणसाने एका किकमध्ये विजेतेपद घालवलं.

तो बचावपटू म्हणजे मिरोस्लाव जुकिच. संघ देपोर्तिवो ला कोरुन्या, तारीख १४ मे १९९४. फुटबॉल नव्याने पाहू लागलेल्या कुणी त्या हंगामाचा गुणतक्ता उघडला तर त्याचा गोंधळ वाढतोच. त्या वर्षी ३८ सामन्यांत देपोर्तिवो फक्त ४ हरला होता आणि बार्सिलोना ७ हरला होता. विजेता मात्र बार्सिलोना. त्यानंतर सहा वर्षांनी, २००० साली, हाच देपोर्तिवो ११ सामने हरला आणि चक्क विजेता झाला!

हे कसं घडलं ते समजून घेतलं तर लीग फुटबॉलचं निम्मं गणित उलगडतं. आणि जुकिचवर गेली तीस वर्षं जो ठपका आहे, तो किती अन्यायाचा आहे हेही कळतं. माझ्या दृष्टीने दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे.

आधी पाया: लीगमध्ये अंतिम सामना नसतो

विश्वचषकात बाद फेरी असते, शेवटी एक अंतिम सामना असतो आणि तो जिंकणारा विजेता ठरतो. स्पेनच्या ला लिगामध्ये तसं नाही. १९९३-९४ साली पहिल्या श्रेणीत २० संघ होते. प्रत्येक संघ उरलेल्या १९ संघांशी दोनदा खेळायचा, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या. म्हणून ३८ सामने. प्रत्येक सामन्याचे गुण मिळत जातात आणि शेवटी ज्याची बेरीज सर्वांत जास्त, तो विजेता. सप्टेंबरमधल्या सामन्याचा गुण आणि मे महिन्यातल्या सामन्याचा गुण यांचं वजन अगदी सारखं असतं.

ऐकायला सोपी वाटणारी ही गोष्ट सामना पाहताना कुणाच्याच लक्षात राहत नाही. शेवटच्या दिवशी सगळं काही त्या ९० मिनिटांवर ठरतंय असं वाटतं. प्रत्यक्षात तोवर ३७ सामन्यांचा हिशेब लिहून झालेला असतो.

हा देपोर्तिवो कुठला?

आ कोरुन्या (स्पॅनिशमध्ये ला कोरुन्या) हे स्पेनच्या वायव्य टोकाचं, अटलांटिकच्या काठावरचं, साधारण अडीच लाख वस्तीचं शहर. प्रांत गॅलिसिया. इथे पाऊस भरपूर, मासेमारी मोठी आणि माद्रिद-बार्सिलोनापासूनचं अंतरही मोठं. इथला क्लब १९०६ साली सुरू झाला. मैदानाचं नाव रियासोर आणि ते समुद्रकिनाऱ्याला अगदी लागून आहे.

१९९४ च्या त्या रात्रीचं मोल कळायला त्याआधीची काही वर्षं पाहावी लागतात. १९७३ साली देपोर्तिवो पहिल्या श्रेणीतून खाली घसरला आणि पुढची अठरा वर्षं वर आलाच नाही. १९८८ साली तर तो तिसऱ्या श्रेणीत जाण्याच्या बेतात होता. रासिंग सांतांदेरविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी विसेंतेने गोल केला म्हणून संघ दुसऱ्या श्रेणीत टिकला. त्याच वर्षी आउगुस्तो सेसार लेंदोइरो क्लबचे अध्यक्ष झाले. १९९१ साली संघ अखेर पहिल्या श्रेणीत चढला. ज्या सामन्यात हे साधलं, त्याच सामन्याच्या दिवशी रियासोरच्या छताला आग लागली होती.

पहिल्या श्रेणीतलं पहिलं वर्ष जेमतेम निभावलं. जागा राखण्यासाठी देपोर्तिवोला रेआल बेतिसविरुद्ध जादाचे निर्णायक सामने खेळावे लागले. मग १९९२ मध्ये ब्राझीलहून बेबेतो आणि माउरो सिल्वा आले आणि संघाचं रूपच पालटलं. १९९२-९३ मध्ये बेबेतोने २९ गोल केले. लीगमध्ये सर्वांत जास्त गोल त्याचेच होते आणि संघ थेट तिसरा आला. १९९३ मध्ये अ‍ॅटलेटिको माद्रिदकडून दोनातो आला. मूळ गॅलिसियाचाच असलेला फ्रान डाव्या बाजूने खेळायचा. बचावाच्या मध्यभागी बेलग्रेडहून आलेला जुकिच होता. संघाचे प्रशिक्षक होते आर्सेनियो इग्लेसियास, जवळच्याच आर्तेइशो गावचे, साठी ओलांडलेले, सावध, मितभाषी गृहस्थ.

लोक या संघाला 'सुपर देपोर' म्हणू लागले. बार्सिलोना आणि रेआल माद्रिद सोडून भलताच कुणीतरी विजेता होऊ शकतो, हे स्पेनभरच्या प्रेक्षकांना खरं वाटू लागलं होतं.

विजयाला दोन गुण, तेव्हाचा हिशेब

आजचा प्रेक्षक गोंधळतो त्याचं पहिलं कारण इथे आहे. आज जिंकल्यावर ३ गुण मिळतात, बरोबरीला १ आणि हरल्यावर शून्य. १९९४ साली स्पेनमध्ये विजयाला २ गुण होते. बरोबरीला तेव्हाही १ आणि पराभवाला शून्यच.

फरक एका गुणाचा असला तरी त्याने खेळायची वृत्तीच बदलते. दोन गुणांच्या काळात विजय म्हणजे एक अख्खी भाकरी आणि बरोबरी म्हणजे बरोबर अर्धी. दोन अर्ध्या घरी आणल्या तरी पोट तेवढंच भरायचं. तीन गुणांच्या काळात बरोबरी करणाऱ्याच्या वाट्याला भाकरीचा तिसरा भागच येतो.

आता दोन संघ घ्या. एकाने दोन्ही सामने बरोबरीत सोडवले, दुसऱ्याने एक जिंकला आणि एक हरला. जुन्या पद्धतीत दोघांचेही २ गुण. नव्या पद्धतीत पहिल्याचे २ आणि दुसऱ्याचे ३. म्हणजे जुन्या पद्धतीत धोका पत्करून जिंकायला धावणाऱ्याला जादा काही मिळत नव्हतं, आणि सांभाळून खेळणाऱ्याचं काही बिघडतही नव्हतं. 'आधी हरायचं नाही, मग जिंकायचं पाहू' हे धोरण त्या नियमात अगदी रास्त होतं.

आर्सेनियोंचा संघ याच धोरणावर उभा होता. त्यांना भित्रं म्हणणाऱ्यांनी त्या काळचा नियम डोळ्यांसमोर ठेवायला हवा. ज्या परीक्षेला ते बसले होते, तिच्या गुणपद्धतीप्रमाणेच ते पेपर लिहीत होते.

कमी गोल झाले की बरोबऱ्या वाढतात

त्या हंगामाचे शेवटचे आकडे पाहू. बार्सिलोना: २५ विजय, ६ बरोबऱ्या, ७ पराभव. ९१ गोल केले, ४२ खाल्ले. देपोर्तिवो: २२ विजय, १२ बरोबऱ्या, ४ पराभव. ५४ गोल केले, १८ खाल्ले.

त्या १८ आकड्यापाशी जरा थांबावंसं वाटतं. ३८ सामन्यांत १८ गोल. प्रत्येक गोल वेगवेगळ्या सामन्यात खाल्ला असं धरलं, तरी निदान २० सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला एकही गोल करता आलेला नाही. गोलरक्षक फ्रान्सिस्को लियान्योला सर्वांत कमी गोल खाणाऱ्या गोलरक्षकाचा सामोरा पुरस्कार मिळाला. सामन्यामागे अर्ध्या गोलाहूनही कमी, ही त्याची सरासरी पुढे वीसेक वर्षं अबाधित राहिली. २०१५-१६ मध्ये अ‍ॅटलेटिकोच्या यान ओब्लाकने ३८ सामन्यांत १८ गोल खाऊन तिच्याशी बरोबरी केली. या भिंतीच्या मधोमध जुकिच उभा असायचा. त्याची आठवण काढताना हे क्वचितच कुणी सांगतं.

पण भिंतीला एक किंमत असते. देपोर्तिवोच्या सामन्यांत दोन्ही बाजूंचे मिळून ७२ गोल झाले, म्हणजे सामन्यामागे दोनाहूनही कमी. बार्सिलोनाच्या सामन्यांत १३३ झाले, म्हणजे सामन्यामागे साडेतीन. साडेतीन गोलांच्या सामन्यात दोन्ही बाजूंचे गोल समान सुटणं अवघड असतं. जिथे एखाददुसराच गोल होतो, तिथे ०-० आणि १-१ सहज होतात. शिवाय अशा सामन्यात नशिबाचा वाटा वाढतो. एक चेंडू खांबाला लागून परतला, एक निर्णय विरोधात गेला, की दिवसभराची मेहनत अर्ध्या मोलाची होते. बार्सिलोनाला दोन चुका झाल्या तरी तिसरी आणि चौथी संधी मिळायची. देपोर्तिवोला अशी चैन नव्हती.

बार्सिलोनाची तऱ्हा नेमकी उलटी. प्रशिक्षक योहान क्रायफ, पुढे रोमारियो आणि स्टोइच्कोव्ह. जानेवारीत त्यांनी रेआल माद्रिदला ५-० हरवलं आणि फेब्रुवारीत सारागोसाकडून ६-३ मार खाल्ला. त्या मारानंतर मात्र ते जिंकतच सुटले. बराच काळ आघाडीवर असलेल्या देपोर्तिवोच्या मागे ते एकेक गुण कापत आले.

१४ मे १९९४

शेवटच्या दिवशी सकाळी देपोर्तिवोचे ५५ गुण होते, बार्सिलोनाचे ५४. देपोर्तिवो रियासोरवर व्हॅलेन्सियाशी खेळणार होता आणि बार्सिलोना आपल्या मैदानावर सेव्हियाशी. देपोर्तिवो जिंकला की प्रश्न मिटला.

बार्सिलोनाला असल्या दिवसांची सवय होती. १९९२ आणि १९९३, दोन्ही वर्षी शेवटच्या दिवशी रेआल माद्रिद तेनेरिफेत हरला होता आणि विजेतेपद बार्सिलोनाकडे आलं होतं. देपोर्तिवोसाठी सगळंच नवं होतं. अख्खं शहर जल्लोषाच्या तयारीत होतं.

बार्सिलोनातला सामना मध्यंतराला सेव्हियाच्या बाजूने होता. मग बार्सिलोनाने झपाटा लावला आणि ५-२ असा जिंकला. रोमारियोचे त्या हंगामातले गोल ३० झाले. रियासोरवर मात्र ०-० हलेना. मिनिटं संपत आली. आणि अगदी शेवटच्या क्षणी देपोर्तिवोच्या नांदोला व्हॅलेन्सियाच्या खेळाडूने पेनल्टी क्षेत्रात पाडलं. पंचाने बोट ठिपक्याकडे केलं.

पेनल्टी म्हणजे गोलापासून ११ मीटरवरून, फक्त गोलरक्षक समोर असताना मारायचा फटका. संघात पेनल्टी मारायचा मान दोनातोचा होता, पण प्रशिक्षकांनी त्याला आधीच बदलून बाहेर बसवलं होतं. बेबेतोने चेंडू घेतला नाही. पुढे आला तो जुकिच.

व्हॅलेन्सियाचा गोलरक्षक होसे लुइस गोन्सालेसने फटका अडवला. सामना ०-० संपला. देपोर्तिवो ५६, बार्सिलोना ५६.

गुण सारखे, मग विजेता कसा ठरला?

जगात यासाठी मुख्यतः दोन रीती आहेत. इंग्लंडमध्ये गोलफरक पाहतात, म्हणजे हंगामभर केलेल्या गोलांतून खाल्लेले वजा करतात. २०१२ साली मँचेस्टर सिटी आणि मँचेस्टर युनायटेड यांचे ८९-८९ गुण झाले तेव्हा सिटी याच नियमाने जिंकली. स्पेनमध्ये आधी या दोन संघांतल्या आपसातल्या दोन सामन्यांचा निकाल पाहतात.

१९९३-९४ मध्ये देपोर्तिवोने आपल्या मैदानावर बार्सिलोनाला १-० हरवलं होतं, आणि बार्सिलोनाने आपल्या मैदानावर देपोर्तिवोला ३-० हरवलं होतं. दोघांचा एकेक विजय, पण गोलांची बेरीज ३-१. विजेतेपद बार्सिलोनाकडे गेलं.

'इंग्लंडचा नियम असता तर देपोर्तिवो वाचला असता' असं कधीकधी ऐकू येतं. नाही वाचला असता. बार्सिलोनाचा गोलफरक अधिक ४९ होता, देपोर्तिवोचा अधिक ३६. दोन्ही मापांनी उत्तर एकच.

नियमाने खरोखरच विजेता बदलला ते २००६-०७ मध्ये. रेआल माद्रिद आणि बार्सिलोना दोघांचे ७६ गुण झाले. गोलफरक बार्सिलोनाचा कितीतरी चांगला होता, अधिक ४५ विरुद्ध अधिक २६. पण आपसातल्या सामन्यांत माद्रिदने एक २-० जिंकला होता आणि दुसरा ३-३ सुटला होता. विजेता माद्रिद.

आपल्याकडच्या प्रेक्षकांनीही हे पाहिलंय. २०२०-२१ च्या इंडियन सुपर लीगमध्ये, कोविडमुळे सगळे सामने गोव्यात झाले त्या हंगामात, मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान यांचे साखळी फेरीअखेर ४०-४० गुण झाले. आपसातले दोन्ही सामने मुंबईने जिंकले होते, त्यातला दुसरा अगदी शेवटच्या दिवशी बांबोळीला. पहिलं स्थान आणि शील्ड मुंबईला मिळाली.

'पण जुकिचने गोल केला असता तर…'

तर देपोर्तिवोचे ५७ गुण झाले असते आणि तोच विजेता ठरला असता. हे खरंच आहे आणि ते नाकारायचं कारण नाही.

पण याच न्यायाने, त्या १२ बरोबऱ्यांपैकी कुठल्याही एका सामन्यात, कुणीही एक गोल जास्त केला असता, तरी तेच ५७ झाले असते. हिवाळ्यात एखाद्या पुढच्या खेळाडूने रिकाम्या गोलासमोर चेंडू बाहेर मारला असेल, त्याची किंमतही तंतोतंत तेवढीच. त्याला कुणी ओळखत नाही. जुकिचची चूक शेवटच्या मिनिटाला, सगळ्या देशाच्या नजरेसमोर झाली म्हणून तिला नाव मिळालं.

आता याहून चकित करणारी गोष्ट. तोच हंगाम आजच्या तीन गुणांच्या नियमाने मोजून पाहा. शेवटच्या दिवसाआधी बार्सिलोनाचे २४ विजय आणि ६ बरोबऱ्या, म्हणजे ७८ गुण. देपोर्तिवोचे २२ विजय आणि ११ बरोबऱ्या, म्हणजे ७७. बार्सिलोना आधीच एका गुणाने पुढे! शेवटच्या दिवशी बार्सिलोना जिंकला, ८१. जुकिचची पेनल्टी गोल झाली असं धरा, तर देपोर्तिवो ८०. म्हणजे आजच्या नियमाने त्या फटक्याने काहीच ठरलं नसतं. इतिहासातली सर्वांत प्रसिद्ध चुकलेली पेनल्टी साध्या उपविजेत्याची पेनल्टी ठरली असती.

'हे गणित बरोबर नाही, तीन गुण असते तर संघ वेगळे खेळले असते'

आक्षेप अगदी रास्त आहे. नियम बदलला की वागणं बदलतं. सामना ०-० असताना सत्तराव्या मिनिटाला आर्सेनियोंनी कदाचित आणखी एक आक्रमक खेळाडू उतरवला असता, कदाचित त्यातून दोन सामने जिंकले असते आणि दोन हरले असते. एका नियमाखाली खेळलेला हंगाम दुसऱ्या नियमाने मोजून 'खरा विजेता' काढता येत नाही.

मी हा हिशेब विजेता बदलायला मांडलेला नाही. एखाद्या क्षणाचं वजन त्या क्षणात नसतं, भोवतालच्या नियमात असतं, एवढं त्यातून दिसतं. तोच खेळाडू, तोच फटका, तोच गोलरक्षक. एका गुणपद्धतीत तो आयुष्यभराचा कलंक, दुसरीत तळटीप.

'एवढ्या मोठ्या खेळाडूने पेनल्टी चुकवावीच कशी?'

व्यावसायिक फुटबॉलमध्ये साधारण चारांतल्या तीन पेनल्ट्या गोल होतात. म्हणजे चौथी चुकते, आणि ती चांगल्या खेळाडूंचीही चुकते. त्यात नेहमीचा मारणारा बाहेर, शेवटचं मिनिट, आणि मारणारा बचावपटू. दुसरं कुणी तयार नसताना तो पुढे झाला, यालाच मी धैर्य म्हणेन.

त्यानंतर दोन महिन्यांनी, १७ जुलै १९९४ रोजी, अमेरिकेत विश्वचषकाचा अंतिम सामना पेनल्टींवर गेला आणि इटलीच्या रॉबेर्तो बाजोचा फटका आडव्या खांबावरून वर गेला. त्या काळातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक होता बाजो. त्या दिवशी विजेत्या ब्राझीलच्या संघात बेबेतो आणि माउरो सिल्वा होते, रोमारियोही होता.

'व्हॅलेन्सिया एवढ्या जिद्दीने का खेळला?'

व्हॅलेन्सियाला त्या दिवशी विजेतेपदाशी काही घेणंदेणं नव्हतं. स्पेनमध्ये अशा वेळी एक संशय नेहमी उठतो: तिसऱ्याच क्लबने पैसे देऊ केले असतील का? प्रतिस्पर्ध्याला रोखा, आम्ही बक्षीस देऊ, असा हा प्रकार. फुटबॉलच्या नियमांत तो बसत नाही. या सामन्याभोवतीही अशी कुजबुज वर्षानुवर्षं होत राहिली.

मला ती चर्चा फारशी कामाची वाटत नाही. प्रत्येक संघाने प्रत्येक सामना जीव तोडून खेळणं हीच तर लीगची अपेक्षा असते. व्हॅलेन्सिया ढिला खेळला असता, तर तक्रार करायला बार्सिलोनाकडे जास्त मोठं कारण असतं.

तीन गुण आले

विजयाला तीन गुण देण्याची सुरुवात इंग्लंडने १९८१-८२ मध्ये केली होती. १९९४ च्या विश्वचषकात हा नियम आला आणि स्पेनने तो १९९५-९६ पासून घेतला. बरोबरीवर समाधान मानणाऱ्यांना जिंकायला भाग पाडायचं, हा हेतू.

हेतू कितपत साधला यावर जाणकारांत आजही वाद आहे, आणि त्याचं कारणही समजण्यासारखं आहे. ०-० असताना संघ जास्त धडपडतात, हे खरं. पण एकदा १-० आघाडी मिळाली की राखायला आता दोन नव्हे, तीन गुण असतात, त्यामुळे आघाडीवरचा संघ आणखी घट्ट दार लावून बसतो. नियमाला दोन्ही बाजूंनी धार आहे. तक्त्यातला परिणाम मात्र स्वच्छ आहे: कमी हरण्यापेक्षा जास्त जिंकणं आता मोलाचं झालं.

देपोर्तिवोला त्या दरम्यान थोडा दिलासा मिळाला होता. १९९५ मध्ये स्पॅनिश चषकाच्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा व्हॅलेन्सियाच आला. माद्रिदमध्ये इतका मुसळधार पाऊस आणि गारा कोसळल्या की १-१ असताना सामना थांबवावा लागला. उरलेली मिनिटं तीन दिवसांनी खेळवली गेली. खेळ पुन्हा सुरू होताच अल्फ्रेदोने गोल केला आणि देपोर्तिवोने आपला पहिला मोठा चषक उचलला. आर्सेनियोंनी त्यानंतर देपोर्तिवोचा निरोप घेतला.

मग २००० साली अकरा सामने हरून विजेतेपद कसं मिळालं?

१९९९-२००० च्या देपोर्तिवोचे प्रशिक्षक होते हाविएर इरुरेता. पुढे डच खेळाडू रॉय माकाय, त्याचे २२ गोल. मधल्या फळीत ब्राझीलचा कलंदर जाल्मिन्या. जुन्या संघातले फ्रान, माउरो सिल्वा आणि दोनातो अजून होते. नोंद अशी: २१ विजय, ६ बरोबऱ्या, ११ पराभव, ६९ गुण. १९९४ पेक्षा एक विजय कमी, बरोबऱ्या निम्म्या, पराभव जवळजवळ तिप्पट.

हे चाललं याची दोन कारणं. पहिलं म्हणजे नियम. ज्या संघाचे सामने निकाली होतात, त्याला तीन गुणांची पद्धत झुकतं माप देते. त्याच वर्षी चौथ्या आलेल्या सारागोसाकडे पाहा: १६ विजय, १५ बरोबऱ्या आणि फक्त ७ पराभव, तरी ६३ गुण. जुन्या दोन गुणांच्या पद्धतीने मोजलं तर देपोर्तिवोचे ४८ आणि सारागोसाचे ४७ झाले असते. सहा गुणांचं अंतर एका गुणावर आलं असतं. १९९४ मध्ये कमी हरणारा देपोर्तिवो नव्या मापाने आणखी मागे पडला असता. २००० मध्ये जास्त हरणाऱ्या देपोर्तिवोला तेच माप फळलं.

दुसरं कारण म्हणजे बाकीचे. त्या वर्षी मोठे संघ आपापल्या व्यापात होते. युरोपातल्या आघाडीच्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीग या स्पर्धेचे (नावात लीग असली तरी हिच्यात शेवटी अंतिम सामना असतो) सामने त्याच हंगामापासून वाढले होते. तिच्या अंतिम फेरीत रेआल माद्रिद आणि व्हॅलेन्सिया हे दोन स्पॅनिश संघ पोचले. माद्रिद ती स्पर्धा जिंकला, पण घरच्या तक्त्यात पाचवा आला. बार्सिलोना १२ सामने हरला, व्हॅलेन्सिया १०. दोघांचेही ६४ गुण. विजेत्याला किती गुण लागतील हे शेवटी दुसऱ्या क्रमांकावरचा किती मिळवतो यावर ठरतं. लीगमध्ये 'पुरेसे गुण' असा ठरलेला आकडा नसतो.

म्हणून कुणी विचारतं की १९९४ चा संघ चांगला की २००० चा, तेव्हा मी बेधडक १९९४ चा म्हणतो. चार पराभव आणि १८ गोल हे काही योगायोगाने होत नाही. २००० च्या संघाचं मोल याने कमी होत नाही. त्यांच्यासमोर जो तक्ता होता, त्यात ते सर्वांत वर होते. आजवर ला लिगा जिंकलेले क्लब फक्त नऊ आहेत आणि देपोर्तिवो त्यांतला एक आहे, तो याच हंगामामुळे.

१९ मे २००० रोजी रियासोरवर शेवटचा सामना एस्पान्योलशी होता. देपोर्तिवोला एक गुण हवा होता. पहिल्या काही मिनिटांतच गोल झाला, आणि तो दोनातोने केला. होय, १९९४ च्या रात्री पेनल्टीच्या वेळी बाहेर बसलेला तोच दोनातो, आता ३७ वर्षांचा. दुसरा गोल माकायने केला. सामना २-० संपला.

जुकिच त्या संघात नव्हता. देपोर्तिवोसाठी आणखी तीन हंगाम खेळून १९९७ मध्ये तो गेला होता, आणि गेला तो नेमका व्हॅलेन्सियाकडे. त्यांच्या बचावाच्या मध्यभागी उभं राहून २००० आणि २००१ असे सलग दोन चॅम्पियन्स लीग अंतिम सामने तो खेळला. २००२ मध्ये व्हॅलेन्सिया ला लिगा जिंकली तेव्हा तो त्या संघात होता. चित्रफितीखाली हेही लिहिलं जायला हवं.